नऊ नंबरचा पॉइंट

मी नक्की काय काम करतो, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "माझा भाऊ नाशिकला कंपन्या तपासतो." त्यामुळे तिच्या गावात मी कुठल्यातरी सरकारी खात्यात आहे असा समज आहे, आणि लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. खरं काम साधं आहे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू मी मोजतो आणि ती नकाशाप्रमाणे आहे की नाही ते लिहून देतो. बनवणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा, आणि मधला तिसरा मी. बावीस वर्षं हेच करतोय.

माझ्याकडे जास्त करून हवेच्या टाक्या येतात. पंक्चरच्या दुकानाबाहेर कॉम्प्रेसरखाली आडवी टाकी असते, तिची मोठी भावंडं. सातपूर, अंबड, सिन्नर इथल्या शेडमध्ये त्या बनतात. टाकीत हवा दाबून भरलेली असते. पत्रा पातळ असला किंवा वेल्डिंग कच्चं असलं तर टाकी निवांत गळत बसत नाही, फुटते. फुटलेली टाकी मी एकदाच पाहिली आहे. शेडचं छप्पर कुठे गेलं ते आम्ही शोधत होतो. माणूस जेवायला गेला होता म्हणून वाचला.

तपासणीची रीत ठरलेली आहे. आधी पत्र्याची जाडी बारा ठिकाणी मोजायची. त्यासाठी हातात मावेल एवढं मीटर असतं. पत्र्यावर थोडी जेल लावून त्याचं टोक टेकवलं की आकडा दिसतो. मग टाकीत पाणी भरून दाब चढवायचा आणि अर्धा तास काटा हलतो का ते बघत बसायचं. पाणीच का, तर पाण्याने भरलेली टाकी फाटली तर पाय भिजतात, हवेने भरलेली फाटली तर माणूस जातो. सगळं ठीक असेल तर टाकीच्या क्रमांकाच्या पट्टीवर माझा पंच, म्हणजे ठोकायचा शिक्का, मारायचा आणि अहवाल मेल करायचा. तो मेल आला की शेडवाला गाडी भरतो. मेल नाही तर गाडी नाही.

हा मेल हेच माझ्या आयुष्याचं दुखणं. काम संपतं एका गावात, आणि मेल करायचा असतो दुसऱ्या गावाला जाता जाता. सुरुवातीला मनमाडला स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेत बसून अहवाल पाठवायचो. तिथल्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजलेली होती. मालक रोज विचारायचा, "सर, लागला का निकाल?" मी पोराचा निकाल बघायला येतो असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. माझ्या मुलीला तेव्हा दुधाचे दात होते.

पुढे लॅपटॉप आला, मोबाइल आला, आणि लोकांना वाटायला लागलं की आता कुठूनही मेल जातो. त्यांनी एकदा सुरगाण्याला यावं. तिथे एका पाणीयोजनेचे पाइप तपासायला गेलो होतो. रेंज नव्हती. तिथले शिपाईमामा मला एका आंब्याखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "हितं उभं राहा. गुरुजी हितूनच हजेरी धाडतात." आंब्याच्या खोडाजवळ जमिनीवर चुन्याने रेघ मारलेली होती. तिच्या अलीकडे मेल जात नव्हता, पलीकडेही जात नव्हता. मी पाऊण तास त्या रेघेवर उभा होतो.

माझे दोन नियम आहेत. दोन्ही मीच केलेले.

पहिला, तोंडी काही नाही. पूर्वी एका शेडवाल्याने माझं नाव सांगून गेटवर फोन केला होता, "साहेबांनी सोडायला सांगितलंय." माल गेला. मी तर तिकडे फिरकलोही नव्हतो. तेव्हापासून मी प्रत्येक शेडवाल्याला बजावलं की सोडायचं असो की थांबवायचं असो, माझा मेल आल्याशिवाय गेट हलता कामा नये. फोनवर साक्षात मी बोललो तरी ऐकायचं नाही.

दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी डायरी उघडून आदल्या दिवसाचा पाठवलेला अहवाल ताडून बघायचा. कारण आमच्या धंद्यात कोरा अहवाल कुणी करत नाही. त्याच शेडचा, त्याच मापाच्या टाकीचा मागचा अहवाल उघडायचा, नव्या नावाने जतन करायचा आणि आकडे बदलायचे. सगळे निरीक्षक असंच करतात. वेळ वाचतो, मजकूर तयार मिळतो. फक्त प्रत्येक आकडा बदलला पाहिजे.

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी अंबडला शिरसाठच्या शेडमध्ये होतो. शिरसाठ चांगला कारागीर. तोंडाने फटकळ, पण त्याच्या वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नसते. टाकी नेहमीच्या मापाची. दुपारी तीनला बायको ठक्कर बाजारच्या स्टँडवर बॅगा घेऊन उभी राहणार होती, कारण आम्हाला देवळ्याची गाडी धरायची होती. बहिणीचं गाव देवळ्याच्या पुढे. भाची प्रज्ञा, आणि मी तिचा एकुलता एक सख्खा मामा.

मी बारा पॉइंट मोजायला घेतले. टाकीच्या दोन टोकांना जी फुगीर झाकणं असतात त्यांना डिश म्हणतात. सपाट पत्रा दाबून त्या बनवतात, आणि वळणावर पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. तिथे निदान आठ मिलिमीटर हवा होता. नऊ नंबरच्या पॉइंटवर मीटरने सात पूर्णांक सहा दाखवलं. तिथे रंगाचे ओघळ होते, आकडा चुकीचाही येऊ शकतो. मी डायरीत ७.६ लिहून त्याला गोल केला. गोल म्हणजे जागा घासून परत मोजायची. शिरसाठचा माणूस ग्राइंडर आणायला गेला आणि लाइट गेली. तोवर पाण्याच्या चाचणीचा अर्धा तास सुरू झाला होता, म्हणून मी काट्यापाशी जाऊन बसलो. काटा जागचा हलला नाही. बायकोचे तीन फोन आले. मी पंच मारला, डायरी बॅगेत टाकली आणि रिक्षात बसलो. गोल डायरीतच राहिला.

अहवाल एसटीत केला. ओझर मागे पडल्यावर लॅपटॉप मांडीवर घेतला, शिरसाठची मागच्या महिन्याची फाइल उघडली आणि डायरीतून एकेक आकडा भरायला लागलो. बायको आहेराचं सांगत होती. आठ भरला. नऊपाशी गोल दिसला, म्हटलं याचं मग बघू, आणि दहा भरला. अकरा, बारा. नऊच्या चौकटीत मागच्या महिन्यातल्या टाकीचा आकडा तसाच बसून होता, ८.९. दिसायला अगदी बिनचूक. सोग्रस फाट्याला गाडी वळली तेव्हा मी पाठवायचं बटण दाबलं. घाटात पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं, आणि देवळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मेल गेलेला होता. मला बरं वाटलं. काम हातावेगळं झालं, आता दोन दिवस मोकळा.

लग्नाच्या दिवशी सकाळी घरात इतकी गडबड होती की चहा आधी झाला आणि डायरी राहिली. ती मी उघडली पावणेबाराला, डोक्यावर फेटा बांधून झाल्यावर. मुहूर्त बारा एकेचाळीसचा होता.

गोल दिसला. मी डायरी मिटली, परत उघडली. लॅपटॉप उघडून अहवाल काढला. नऊ नंबर, ८.९.

फोन लागत होता. शिरसाठ म्हणाला, "बोला साहेब. लग्न लागलं का?"

"टाकी कुठंय?"

"गाडीत. पाऊण वाजता सोडतोय. ड्रायव्हरचं जेवण चाललंय."

"सोडू नका. नऊ नंबरचा आकडा चुकलाय माझा. वळणावर पत्रा कमी आहे, सात पूर्णांक सहा."

तो म्हणाला, "साहेब, तुमचा मेल आलाय माझ्याकडं. पार्टीकडं पण गेलाय. आता मी गाडी थांबवली तर कशाच्या जोरावर? तुम्हीच सांगितलंय, फोनवर काही ऐकायचं नाही."

"मी स्वतः बोलतोय ना."

"तेच तर. स्वतः बोललात तरी ऐकायचं नाही असंच सांगितलंय तुम्ही. मेल पाठवा, थांबवतो." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आणि साहेब, राग मानू नका. पाण्याला टाकी उभी राहिली ना? काटा हलला नाही. पॉइंट चारचा फरक, रंगाचा पण असेल. लग्नघरात आहात, जेवा निवांत. कोण बघतंय?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. गाडी सापुताऱ्यावरून गुजरातेत एका व्यापाऱ्याच्या गोदामात जाणार होती. तिथून टाकी कोण नेईल आणि कुठे बसवेल, हे शिरसाठलाही माहीत नसतं. कुठल्यातरी शेडमध्ये ती बसणार, दिवसातून कितीदा तरी भरणार आणि रिकामी होणार, आणि तिच्या शेजारी कुणीतरी माणूस स्टूल टाकून बसणार. त्या टाकीवर माझा पंच होता.

मेल पाठवायला इंटरनेट हवं, आणि बहिणीच्या गावात फोन लागतो पण इंटरनेट येत नाही. मी मंडपातल्या प्रत्येकाला विचारत सुटलो. बायकोने मला दारात गाठलं.

"अहो, कुठं निघालात? गुरुजी आलेत."

"मेल करायचाय."

"आज? आत्ता?" तिने माझ्या फेट्याकडे बघितलं. "त्या मेलशीच लग्न लावायचं होतं ना मग माझ्याऐवजी."

"दहा मिनिटांत आलो."

"तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत," ती म्हणाली. पण मला पळता यावं म्हणून माझ्या हातातली बॅग तिने काढून घेतली.

रेंज गावामागच्या टेकडीवर आहे असं कळलं. मी नव्या चपला आणि फेटा घालून ती टेकडी चढलो. वर म्हसोबाचं छोटं देऊळ आहे. तिथे एक म्हातारबाबा शेळ्या सोडून बसले होते. मी मोबाइल वर धरून इकडून तिकडे फिरायला लागलो, तसे ते म्हणाले, "तठे नही. आठे या. आठे रेंज शे." त्यांनी स्वतः उठून मला त्यांच्या बसायच्या दगडावर बसवलं. दगडावर बसल्यावर खरंच एक काडी आली.

मी लिहायला लागलो. असा मेल तोवर मी एकदाही लिहिला नव्हता. दिलेली मंजुरी मागे घेण्याचा मेल शेडवाल्याबरोबर खरेदीदाराला जातो, आमच्या मुख्य कार्यालयालाही जातो, आणि माझ्या नावापुढे कायमचा राहतो. आधी लिहिलं, "काही अतिरिक्त तपासणी आवश्यक असल्याने." वाक्य सुरेख होतं. चूक कुणाचीच दिसत नव्हती. दिसलीच तर शिरसाठची दिसली असती. ते खोडलं. मग लिहिलं, "पॉइंट नऊचा अहवालातला आकडा जुन्या टाकीचा आहे. माझ्याकडून बदलायचा राहिला. प्रत्यक्ष आकडा ७.६. मंजुरी मागे घेत आहे. माल सोडू नये." बटण दाबलं. बारा सदतीस.

चक्र फिरायला लागलं.

खालून लाउडस्पीकर आला. गुरुजींचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं."

चक्र फिरत होतं. मी मोबाइल वर धरला, खाली आणला, देवळाच्या पायरीवर चढलो. पायरीवर काडी गेली. परत दगडावर आलो.

"मुलीचे मामा, कृपया लवकर यावं. मुहूर्ताची वेळ झाली आहे."

म्हातारबाबा म्हणाले, "पाव्हणा, तुमलेच बलाई राह्यनात ना?"

"हो."

"मग जा ना. फोन आठेच ठेवा. मी देखस."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. पण मला फोन सोडवेना. बारा एकेचाळीस झाले. बेचाळीस. बँड वाजायला लागला आणि मधेच थांबला. गुरुजींचा आवाज परत आला, या वेळी वैतागून. "मुहूर्त आता पंचांगात राहिलेला नाही, मामांच्या मोबाइलमध्ये गेलाय. मामा असाल तिथून या." मंडपातलं हसू टेकडीपर्यंत ऐकू आलं.

बारा सेहेचाळीसला मेल गेला. मी लगेच शिरसाठला फोन लावला.

"मिळाला?"

"मिळाला." त्याच्यामागे कुणीतरी मोठ्याने ओरडत होतं. "ड्रायव्हर शिव्या देतोय. टाकी उतरवायला दोर सोडायला घेतलेत. समाधान झालं?" आणि त्याने फोन ठेवला.

मी टेकडी उतरलो ती निम्मी घसरतच. फेटा हातात आला होता. घराच्या दारात प्रज्ञा उभी होती, हातात नारळ, डोक्याला मुंडावळ्या. तिच्याजवळ तिचा चुलत मामा अगदी तयारीत उभा होता. दाजी, म्हणजे तिचे वडील, तिला चल चल करत होते आणि ती हलत नव्हती. मला बघून तिने एवढंच विचारलं, "झालं का काम?" मी मान हलवली. "फेटा नीट करा मग. फोटोत मी सुंदर दिसायला पाहिजे आणि तुम्ही माणसासारखे."

मंडपात आम्ही बारा त्रेपन्नला पोचलो. बारा मिनिटं उशीर. माझ्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही, अक्षता टाकतानाही नाही. जेवणाच्या पंगतीत मला वाढायला ती आली नाही. निघताना मी पाया पडलो तेव्हा म्हणाली, "तुला आवरत नसेल तर सांगायचं होतं आधी. तुझ्याजागी दुसऱ्याला उभं केलं असतं." पुढे चार महिने ती फोनवर माझ्या बायकोशीच बोलली. आता बोलते, पण त्या बारा मिनिटांचा विषय निघाला की उठून आत जाते. तिला टाकीचं मी दोनदा समजावलं. तिला कळतंही. पण तिचं म्हणणं असं की टाकी गुजरातची होती आणि पोरगी घरची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने अंबडला गेलो. शिरसाठने नऊ नंबरची जागा घासून दिली. मीटर लावलं. सात पूर्णांक पाच. थोडं सरकवलं. सात पूर्णांक सहा. तळहाताएवढा भाग आठच्या खाली होता. शिरसाठने स्वतः मीटर हातात घेऊन तीनदा लावून बघितलं. मग खिशातला खडू काढून त्याने त्या जागेभोवती रेघ ओढली आणि माणसाला हाक मारली, "डिश काप रे ही." माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा घेणार?" आम्ही चहा घेतला. त्याने आभार मानले नाहीत आणि मानायचं कारणही नव्हतं. चूक मीच केली होती, मीच धरली होती. यात शाबासकी कसली?

गोष्ट इथे संपली असं सगळ्यांना वाटलं. कार्यालयाने खुलासा मागितला, मी अर्ध्या पानात दिला, त्यांनी तो फाइलला लावला. माझं मात्र चित्त थाऱ्यावर राहीना. नऊ नंबरवर गोल होता म्हणून मला तो दिसला. गोल नसलेला एखादा आकडा असाच मागच्या फाइलमधून पुढे आला असेल तर? रोज सकाळी ताडून बघतो असं मी छातीवर हात ठेवून सांगत आलो. पण त्या दिवशी चहा आधी झाला. तसा अजून किती वेळा झाला असेल?

म्हणून मी दर रविवारी सकाळी जुन्या डायऱ्या काढून बसायला लागलो. लॅपटॉप घेतल्यापासूनची अकरा वर्षं, टाक्यांचे बाराशे सोळा अहवाल. एकेक आकडा डायरीशी लावून बघितला. बायको म्हणाली, "देवळात गेला असतात एवढ्या वेळा तर काहीतरी पदरात पडलं असतं." अडुसष्ट रविवार लागले. तीन ठिकाणी जुना मजकूर राहिलेला सापडला: एकदा तारीख, एकदा मीटरचा क्रमांक, एकदा ऑर्डरचा क्रमांक. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. जाडीचा चुकलेला आकडा एकही निघाला नाही.

फक्त दोन अहवाल राहिले. त्यांची डायरीची पानं पावसात भिजून शाई पसरली आहे. काही वाचता येत नाही.

पहिली टाकी ओझरला एका टायरच्या दुकानात सापडली. मी मीटर घेऊन गेलो. मालक घाबरला. "काय खराबी हाय का साहेब? कुणी तक्रार केली?" म्हटलं, तक्रार नाही, मला माझंच बघायचंय. बारा पॉइंट मोजले. सगळे ठीक. त्याने मला उसाचा रस पाजला आणि मी वळलो तसा शेजारच्याला म्हणाला, "लय सज्जन माणूस हाय, पण जरा हललेला दिसतो."

दुसरी टाकी ज्याने घेतली होती त्याने ती तीन वर्षांपूर्वी विकली. कुणाला, ते त्याला आठवत नाही. "मनमाडकडचा कुणीतरी होता," एवढंच सांगतो. तेव्हापासून कामासाठी मनमाडला उतरलो आणि तासभर हाताशी असला की मी स्टेशनवर बसत नाही. रस्त्याकडेची टायरची दुकानं बघत चालत जातो. टाकी दिसली की वाकून पट्टीवरचा क्रमांक वाचतो. परवा एका दुकानदाराने विचारलं, "काय शोधताय काका?"

"टाकीचा नंबर."

त्याने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पट्टीवरचं तेल पुसून दिलं. क्रमांक दुसराच होता.

"पुढं चौफुलीला अजून दोन दुकानं हायेत," तो म्हणाला.

माझ्या गाडीला पस्तीस मिनिटं होती. मी बॅग उचलली आणि चौफुलीकडे निघालो.